उल्हासनगरची सिंधी खाणावळ

बदलापूर आणि वांगणी या दोन स्थानकांच्या दरम्यान, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, चामटोली नांवाचें गांव आहे. त्या बाजूच्या माणसाला लग्नाचा बस्ता बांधावयाचा असला किंवा एखादें लांकडी कपाट घ्यावयाचें असलें, तर तो बहुधा मुंबईपर्यंत जात नाहीं. बदलापुरास येऊन तो कल्याणकडे जाणारी गाडी धरतो, अंबरनाथ मागें टाकतो आणि पुढें लवकरच उल्हासनगरला उतरतो. ज्या नदीच्या खोऱ्यांत त्याचें शिवार आहे, तिचेंच नांव या शहराला दिलेलें आहे. कापडाच्या दुकानांतून घासाघीस करतां करतां दुपार होऊं लागते, पोटांत कावळे ओरडूं लागतात आणि मग कोपऱ्यावरच्या एखाद्या लहानशा दुकानांत तो शिरतो. त्याच्या घरीं तांदळाची भाकरी, वालाचें बिरडें, फार तर सुकटीचें कालवण. येथें त्याच्यापुढें येते ती बशीएवढी कडक, सोनेरी पुरी आणि तिच्या शेजारीं हरभऱ्याची घट्ट पिवळी डाळ. हें अन्न सिंधु नदीच्या कांठचें आहे. उद्ध्वस्त झालेल्या संसारांबरोबर तें उल्हास नदीच्या कांठीं आलें.

तें कसें आलें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. सिंध हा १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच एक भाग होता. कराचीहून आगबोटीनें मुंबईस येणें ही तिकडच्या व्यापाऱ्याच्या नित्याची गोष्ट होती, आणि सिंधमधील महाविद्यालयांचे विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षांना बसत. १९४७ सालीं फाळणी झाली, तेव्हां पंजाब आणि बंगाल हे प्रांत दुभंगले. सिंध मात्र सबंधच्या सबंध पाकिस्तानांत गेला. पंजाबी हिंदूला आपल्या भाषेचा अर्धा मुलूख तरी उरला, सिंधी हिंदूला आपला म्हणावयास एक तालुकाहि उरला नाहीं. आरंभीं पुष्कळ कुटुंबें तेथेंच राहावें अशा विचारांत होतीं. परंतु ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल उसळली, घरें लुटलीं गेलीं आणि निघणाऱ्यांची रीघ लागली. कोणी आगबोटीनें मुंबईस आणि काठेवाडच्या बंदरांत उतरले, कोणी आगगाडीनें राजपुतान्यांतून आले.

इतक्या माणसांना ठेवावयाचें कोठें, हा मोठाच प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळच्या माळावर लष्करानें एक प्रचंड छावणी उभारली होती. तेथल्या दोन हजारांहून अधिक बराकी युद्ध संपल्यावर ओस पडल्या होत्या. त्यांत निर्वासितांची सोय करण्यांत आली. छावणीचे पांच भाग होते आणि त्यांना एक ते पांच असे आंकडे होते. ते आंकडे पत्त्यांतून आजहि चालत आहेत. एखाद्याचें घर कोठें म्हणून विचारलें, तर 'कँप नंबर तीन' किंवा 'कँप नंबर पांच' असेंच उत्तर येतें. सुमारें एक लक्ष माणसें येथें गोळा झालीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीची कोनशिला बसविण्यांत आली आणि तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. शब्द नदीवरून घेतलेला. पण सर्वस्व गमावून बसलेल्यांच्या कानांना त्या दिवशीं तो कसा लागला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

बराक म्हणजे एक लांबच लांब दालन. त्यांत गोणपाटाचे व जुन्या चादरींचे पडदे टांगून एकेका कुटुंबाची जागा आंखून घेतलेली. पडद्यानें दृष्टि अडते, वास कांहीं अडत नाहीं. एका चुलीवर लसणीची फोडणी पडली कीं ती साऱ्या दालनाला कळे. हैदराबाद, शिकारपूर, सक्कर, लारखाना अशा गांवोगांवचीं घराणीं एका छपराखालीं आलीं आणि ज्यांची पूर्वीं ओळखहि नव्हती, त्यांना एकमेकांच्या हातची चव माहीत झाली. सरकारी शिधा आरंभीं मिळत असे. पण शिध्यावर जन्म काढण्याची या समाजाची वृत्ति नव्हती. बायका पापड लाटूं लागल्या. पुरुष आणि शाळकरी मुलें ते पापड, गोळ्या, मिठाई घेऊन कल्याण-मुंबईच्या गाड्यांतून विकूं लागलीं. सिंधी मनुष्य हात पसरतांना दिसत नाहीं, असा जो लौकिक त्या काळीं झाला, तो या गाड्यांतून झाला.

या विक्रींत एक गोष्ट घडून गेली, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. सिंधमधल्या खात्यापित्या घरांतील गृहिणीला स्वतःच्या हातचें अन्न विकावयाचें असतें ही कल्पनाच नव्हती. पापड हा तर आतिथ्याचा पदार्थ. घरीं कोणी आलें, कीं पाण्याच्या पेल्याबरोबर भाजलेला पापड पुढें करावयाचा, ही त्या समाजाची रीत. मराठी घरांत जो मान गूळपाण्याचा होता, तोच हा. तो पापड शेंकड्यावर मोजून परक्याच्या हातांत देणें तिला भाग पडलें. उल्हासनगरची खाणावळ जन्माला आली ती येथें. खाणावळ हा शब्द येथें जरा सैल अर्थानें घेतला पाहिजे. खाणावळींत महिनेवारीनें जेवणारे ठरलेले गडी असतात, पंगत असते. येथें तसें कांहीं नाहीं. पण 'हॉटेल' म्हणावें तर भिंतीला आरसे नाहींत, पंख्याला वेग नाहीं, आणि बांकावर बसणाऱ्याला शेजाऱ्याच्या कोंपराचा स्पर्श टाळतां येत नाहीं. एखाद्या जुन्या बराकीच्या तोंडाशीं काढलेली दहा हात जागा, दर्शनीं एक मोठें पातेलें, त्याच्या शेजारीं पकवानांची उंच चळत, मागें कढई, आणि गल्ल्यावर झुलेलालची तसबीर. माशावर आरूढ झालेला, पांढऱ्या दाढीचा, हातांत पोथी घेतलेला हा देव ज्या दुकानांत दिसेल, तें दुकान बिनचूक सिंध्याचें समजावें.

डाळ आणि पकवान हा या दुकानांचा मुख्य पदार्थ. सिंधमधून इतके पदार्थ आले असतां बाजारांत हाच पुढें कां झाला, याचें कारण त्याच्या घडणींतच असावें. पकवान कोरडें असतें, तें आदल्या दिवशीं करून ठेवतां येतें आणि दोन-चार दिवस बिघडत नाहीं. डाळ स्वस्त आणि पोटभरीची. एक कढई, एक पातेलें आणि एक शेगडी एवढें ज्याच्यापाशीं आहे, त्याला धंदा सुरू करतां येतो. पानाचीहि अडचण नाहीं. पकवान हातावर घेऊन त्यावरच डाळ वाढली तरी भागतें. ज्याच्यापाशीं भांडवल म्हणून आपल्या आईच्या हातची आठवण तेवढी उरली होती, त्याला याहून सोयीचा पदार्थ कोणता मिळणार?

त्याची कृति मात्र दिसते तितकी सोपी नाहीं. मैद्यांत मीठ, जिरें किंवा ओंवा आणि तुपातेलाचें मोहन घालून पीठ घट्ट मळावयाचें. पातळ लाटून झालें, कीं सुरीच्या टोंकानें त्याला सर्वभर टोचे मारावयाचे, म्हणजे तें फुगत नाहीं. मराठी सुगरणीची सारी प्रतिष्ठा टम्म फुगलेल्या पुरींत. येथें पुरी फुगली तर ती फसली. तळणी मंद आंचेवर, उतावीळ न करतां. जाळ मोठा केला तर वरून रंग येतो आणि आंत कच्चें राहतें. मग असें पकवान दुसऱ्या दिवशीं चामट होतें. चांगलें पकवान मोडलें कीं त्याचा स्पष्ट आवाज आला पाहिजे. डाळीची परीक्षा वेगळी. हरभऱ्याची डाळ भिजवून हळदीमिठांत अशी शिजवावयाची, कीं दाणा बोटानें दाबतांच विरावा, परंतु पातेल्यांत त्याचें रूप मोडूं नये. थोडी घोटून रस्सा दाट करतात, बाकीची सबंधच ठेवतात. मग बशींत डाळ घेऊन तिच्यावर आमचूर, लाल तिखट आणि गरम मसाला भुरभुरावयाचा, त्यावर जिऱ्याची कडकडीत फोडणी ओतावयाची, आणि शेवटीं बारीक चिरलेला कांदा, चिंचेची आंबटगोड चटणी आणि पुदिना-कोथिंबिरीची हिरवी चटणी. मसाला शिजत नाहीं, तो वरून तेलानें नुसता होरपळतो. सारा खमंगपणा तेथें आहे. ही न्याहारी रविवार सकाळची. त्या दिवशीं पातेल्याभोवतीं घरून डबे घेऊन आलेल्यांची जी गर्दी होते, ती पाहिल्यावर कँपांत कोणता वार आहे हें विचारावें लागत नाहीं.

दुपारच्या पानांत कढी-भात असतो. या कढीच्या नांवाला मराठी माणूस हटकून फसतो. ताकाचा थेंबहि तींत नसतो. बेसन तेलांत खरपूस परतून त्यांत मेथ्या, जिरें, हिंग पडतात. मग पाणी घालून ती बराच वेळ उकळूं देतात. बेसन कच्चें राहिलें तर कढी घशाशीं बसते, आणि करपलें तर कडू होते. मधल्या क्षणाला पाणी घालतां आलें पाहिजे. तींत शेवग्याच्या शेंगा, गवार, भेंडी, बटाटे अशा भाज्या सोडतात, आणि आंबटपणा चिंचेचा किंवा आमसुलांचा. आमसूल ही कोंकणची संपत्ति. तिला या कढींत मिळालेलें घर पाहून कोणाहि मराठी माणसाला बरेंच वाटेल. बरोबर दोनदां तळलेले बटाट्याचे काप, त्यांना 'तुक' म्हणतात, आणि पुष्कळदां गोड बुंदी. आंबट कढीबरोबर गोड बुंदी ही जोडी प्रथम ऐकतांना विक्षिप्त वाटते. पण आमटीबरोबर पुरणपोळी खाणाऱ्यांनीं तिला नांव ठेवण्याचें कारण नाहीं.

साई भाजी हा तिसरा पदार्थ आणि, चवीच्या दृष्टीनें पाहतां, कदाचित् सर्वांत श्रेष्ठ. 'साई' म्हणजे हिरवी. पालक, आंबट चुका, थोडा शेपू किंवा मेथी, त्यांत हरभऱ्याची डाळ, वांगें, बटाटा, टोमॅटो, लसूण. सर्व एकत्र मऊ शिजवून लांकडी रवीनें घोटावयाचें. जोडीला कांदा तांबूस परतून त्यांत शिजवलेला भुगा चावर. ज्यानें अळूचें फदफदें खाल्लें आहे, त्याला हा पदार्थ परका वाटणें शक्य नाहीं. तेथेंहि पाला, डाळ आणि आंबट यांचीच युति. फरक इतकाच, कीं फदफद्याला मराठी माणसानें लग्नाच्या पंगतींत बसविलें आणि साई भाजी रोजच्या जेवणांत राहिली. बाजारांत मात्र ती क्वचित् दिसते. पाला निवडण्याला हात लागतात, धुण्याला पाणी लागतें, आणि एवढें करून गिऱ्हाईक विचारतें, कीं पालकाच्या भाजीला इतके पैसे कशाचे? कमळाच्या देंठांचीहि तीच कथा. सिंधमधील मंचर सरोवरासारख्या विस्तीर्ण पाणथळ जागेमुळें हे देंठ तिकडे विपुल. उल्हासनगरच्या भाजीबाजारांत ते मिळतात, परंतु निवड करणारी डोळस बाई लागते. दोन्हीं टोंकें बंद असलेला देंठ घ्यावा, म्हणजे छिद्रांत चिखल शिरलेला नसतो. हें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांतून येत नाहीं, सासूकडून सुनेकडे येतें. आणि सून नोकरीवर जाऊं लागली, कीं भाजीवाल्यापाशींच थांबतें.

येथें या विषयाचें खरें मर्म आहे. बाजार सर्वच पदार्थ सांभाळीत नाहीं. जे खपतात तेवढेच सांभाळतो. डाळ-पकवान टिकलें, कढी-भात टिकला, छोले टिकले. शिळ्या पावाचे तुकडे कोथिंबीर, लसूण आणि टोमॅटोच्या हिरव्या वाटणांत शिजवून केलेली 'सेयल' डबलरोटी मात्र दुकानांत बहुधा मिळत नाहीं. ती म्हणजे मराठी घरांतल्या फोडणीच्या पोळीची सख्खी बहीण. शिळें संपवावयाचा तो उपाय. त्याला पैसे मोजून कोण खाणार? थदडीच्या सणाला आदल्या दिवशीं गोड लोले व इतर पदार्थ करून ठेवावयाचे, सणाच्या दिवशीं चूल पेटवावयाची नाहीं, सगळ्यांनीं थंड अन्न खावयाचें, ही रीत घरोघरच्या देव्हाऱ्याशीं जोडलेली. दुकानाच्या शेगडीला शीतलादेवीची सुट्टी परवडत नाहीं. पल्ला मासा तर मुळांतच मागें राहिला. पावसाळ्यांत समुद्रांतून सिंधु नदींत उलट्या प्रवाहानें चढणारा हा मासा सिंध्यांच्या मनांत देवाचें वाहन होऊन बसला आहे. पुढें १९५५ सालीं कोटरीचें धरण झालें आणि खुद्द सिंधु नदींतच त्याचा मार्ग खुंटला. ज्याची आठवण काढीत लोक इकडे बसले होते, तो तिकडेहि दुर्मिळ झाला.

आणखी एक गोष्ट आहे, ती जरा कडवट वाटेल. १९४८ सालीं बराकींतल्या एखाद्या माणसानें रविवारीं दुकानांतून डाळ-पकवान विकत आणलें असतें, तर घरांतल्या बाईला तो आपला अपमान वाटला असता. प्रत्येक पडद्यामागें तें होतच होतें. आज त्याच वस्तीच्या नातवंडांना पातेल्यापुढें डबा घेऊन उभें राहावें लागतें, याचा अर्थ इतकाच, कीं तें घरांत होईनासें झालें आहे. दुकानाच्या पाटीवर 'घर जैसा स्वाद' असे शब्द दिसले, म्हणजे तो स्वाद घर सोडून निघाला आहे असें खुशाल समजावें. भाषेचीहि स्थिति अशीच. १० एप्रिल १९६७ रोजीं सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत स्थान मिळालें; प्रांत नसलेल्या भाषेला हा मान मिळाला ही गोष्ट लहान नाहीं. पण ती अरबी वळणाच्या लिपींत लिहावी कीं नागरींत, हा वाद दीर्घकाळ चालला, आणि तो चालू असतांना मुलें हिंदी व इंग्रजी शाळांकडे वळलीं. आजोबांनीं सिंधहून आणलेलें पत्र नातवाला वाचतां येत नाहीं. त्याला 'कोकी' हा शब्द येतो, 'भुगा चावर' येतो, 'तुक' येतो. कित्येकांच्या तोंडीं मातृभाषा आतां एवढीच उरली आहे.

हा प्रकार एकट्या सिंध्यांचा मानण्याचें कारण नाहीं. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेला सडा गिरणी-कामगार ज्या बाईच्या घरीं महिनेवारीनें जेवत असे, तीहि घरचेंच अन्न विकीत होती. घरधन्याची मिळकत पुरत नव्हती किंवा बंद पडली होती, म्हणून ती विकीत होती. अशा बायकांना सावकाराच्या व्याजांतून सोडवावें, त्यांना बँकेचें कर्ज मिळवून द्यावें, म्हणून प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि कामगार गांवीं परतल्यावर त्याला जेवूं घालणाऱ्या बाईचेंहि काम गेलें. आणि आज पिठलें-भाकरी, थालीपीठ, फोडणीचा भात हे पदार्थ शहरांतल्या उपाहारगृहांत छापील यादीवर चढले आहेत. एके काळीं पिठलें बाहेर विकत घेऊन खाणाऱ्याच्या घरीं कांहीं आजारपण आहे कीं काय, अशी शेजाऱ्यांनीं चौकशी केली असती.

दूर फिलिपाइन बेटांत या जातीच्या दुकानाला 'कारिन्देरिया' म्हणतात. रस्त्याच्या कडेला फळीवर झांकलेलीं पातेलीं मांडलेलीं असतात; गिऱ्हाईक झांकण उचलून पाहतें आणि बोट दाखवितें, म्हणून अशा दुकानाला 'तुरो-तुरो', म्हणजे 'दाखव-दाखव', असेंहि नांव पडलें आहे. भाताबरोबर चिंचेनें आंबट केलेला 'सिनिगांग' नांवाचा रस्सा, किंवा शिरका आणि लसूण घालून शिजविलेलें मांस, हें तेथलें घरगुती जेवण. त्या देशाचे खलाशी, परिचारिका आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया जगभर विखुरल्या आहेत, आणि जेथें जेथें त्यांची वस्ती झाली, तेथें तेथें कोपऱ्यावर असें एक दुकान निघालें. मनीलाचा खलाशी परक्या बंदरांत चिंचेचा रस्सा शोधतो आणि कँपांतला म्हातारा चिंचेची कढी. परंतु दोघांच्या शोधांत एक मोठें अंतर आहे. नोकरी संपली कीं खलाशाला बोटीचें तिकीट काढतां येतें, आणि त्याच्या आईच्या हातचा रस्सा मनीलांत शिजतच असतो. उल्हासनगरच्या सिंध्याला परतीचा मार्ग नव्हता. म्हणून येथली कढी हीच मूळ प्रत, तिच्याशीं ताडून पाहावयाला दुसरी प्रत त्याच्यापाशीं नाहीं. आमसुलांनीं तिची चव पालटली असेल, तर ती किती पालटली हें सांगणारीं माणसें एकेक करून निघून गेलीं आहेत.

आतां शेजाऱ्यांविषयीं. कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर या गांवांतील मराठी मध्यमवर्गानें कँपाकडे फार काळ जरा नाक मुरडूनच पाहिलें. कँपांतला माल म्हणजे नकली माल, असा समज रूढ झाला, मालावर 'यू. एस. ए.' छापलेलें असतें त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद दोन पिढ्यांना पुरला. स्वस्त कापड घेण्यासाठीं त्याच कँपांत जावयाचें, भाव पाडून घ्यावयाचा आणि घरीं आल्यावर कँपाला हंसावयाचें, ही रीत कांहीं फारशी शोभादायक नव्हती. त्या बाजारांत वर्षानुवर्षें जाऊन तेथल्या एका बशीचीहि चव न घेतलेलीं माणसें या भागांत पुष्कळ निघतील. घरून डबा नेला होता, असें तीं सांगतात. ज्या लोकांचा पाहुणचार भाजलेल्या पापडानें सुरू होतो, त्यांच्या दारांतून इतक्या वेळां जाऊन येऊन पापडाचीहि ओळख होऊं नये, याला डबा हें कारण पुरेसें नाहीं.

बांकावर बसणाऱ्यांनीं मात्र हा प्रश्न केव्हांच सोडविला आहे. २०११ च्या खानेसुमारींत उल्हासनगरची लोकसंख्या पांच लक्षांवर गेली होती, आणि तींत सिंध्यांच्या जोडीला मराठी, उत्तर हिंदुस्थानी, पंजाबी असे सर्व प्रकारचे लोक आहेत. जीन्सच्या विजारी शिवणारा अयोध्येकडचा कारागीर, फर्निचरची गाडी ओढणारा मराठवाड्यांतला हमाल, चामटोलीकडून बस्ता बांधावयास आलेला आगरी म्हातारा आणि त्याची सून, हीं सर्व एका बांकावर बसतात. पकवान मोडण्याची रीत प्रत्येकाची निराळी. कोणी त्याचा चुरा करून डाळींत कालवतो, कोणी पोळीसारखा तुकडा घेऊन डाळ उचलूं पाहतो आणि तो हातांतच मोडतो. जुना गिऱ्हाईक मधोमध अंगठा दाबून त्याचे चार तुकडे करतो आणि एकेक तुकडा चमच्यासारखा वापरतो. घरांतून निघून गेलेल्या पदार्थाला हीं नवीं माणसें मिळालीं आहेत. तीं सिंधी बोलत नाहींत, झुलेलाल कोण हें त्यांना ठाऊक नसतें. पण डाळींत आमचूर कमी पडला तर त्यांना तें पहिल्या घांसाला कळतें आणि तसें तीं गल्ल्यावरच्या माणसाला स्पष्ट सांगतात. सिंधी भाषेच्या रक्षणासाठीं भरलेल्या सभेंत अशीं माणसें येणार नाहींत. डाळीच्या रक्षणाला त्यांचा उपयोग आहे.

पहिल्यानेंच जाणाऱ्यानें रविवारीं उशीर करूं नये. सकाळची न्याहारी उरकतां उरकतां डाळीच्या पातेल्याचा तळ दिसूं लागतो. दुकानदार पातेलें कलतें करून उरलेली डाळ काढतो, आणि ती शेवटची बशी सर्वांत दाट असते. मग तें पातेलें आंत जातें आणि त्याच्या जागीं कढीचें येतें. दुपारच्या गाडीनें परतावयाचें असेल, तर कढीसाठीं न थांबतां कोकी बांधून घ्यावी. कणकेंत कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि तूप घालून केलेली ही जाड दशमी अर्धी भाजून, पुन्हां लाटून, पुन्हां भाजतात. प्रवासांत ती दिवसभर मऊ राहते. सिंध्यांच्या शिदोरींत तिला पहिला मान असे. कागदांत गुंडाळून देतांना दुकानदार बरोबर एक भाजलेला पापड ठेवतो. त्याचे पैसे वेगळे धरलेले नसतात.